उचगावचं म्ल्येको

माझ्या आजोळी दुधाला दोन नावं होती. रोजचं दूध ते दूध. पण एखादं पोर भरला पेला समोर घेऊन तोंड वाकडं करून बसलं, की आजी त्याच्यापुढं उकिडवी बसायची आणि म्हणायची, "दूध नगं? बरं, दूध ऱ्हाऊ दे. म्ल्येको पी." म्हणताना तिची जीभ टाळ्याला चिकटून सुटायची. तो आवाज काढायला आम्ही धडपडायचो, जमला नाही की हसायचो, आणि त्या नादात पेला रिकामा व्हायचा. माझी आई, मावशी, दोन्ही मामा याच शब्दावर दूध प्यायले. आम्ही भावंडंही. आजीनं पोरांसाठी रचलेला बोबडा शब्द, भूभू-हम्माच्या जातीचा, असंच मी धरून चालले होते.

आजी २००९ साली गेली. तिच्यामागं तो शब्द घरात फारसा कुणी उच्चारला नाही.

इथं न्यू जर्सीत, आमच्या एडिसनपासून जवळच, लिंडन म्हणून गाव आहे. तिथं पोलिश वस्ती आहे, पोलिश चर्च आहे, पोलिश दुकानं आहेत. एका मैत्रिणीनं सांगितलं होतं, त्यांचं 'त्वारुग' नावाचं ताजं चीज अगदी आपल्या छेन्यासारखं लागतं. ते घ्यायला मी एका शनिवारी तिथल्या दुकानात शिरले. राईच्या पावाचा आंबूस वास, टांगलेले सॉसेज, काउंटरमागं पांढरा अॅप्रन घातलेल्या दोन बायका. चीज शोधता शोधता खालच्या फळीवर दूध पावडरचं पाकीट दिसलं. त्यावर गाईचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत एक शब्द. मी तो एकदा मनात वाचला, एकदा मोठ्यानं. काउंटरवरची बाई म्हणाली, "म्लेको. मिल्क." आणि पुन्हा चीज कापू लागली.

मी ते पाकीट घेतलं. घरात कुणाला दूध पावडर लागत नाही, तरी घेतलं.

रात्री आईला फोन केला. आई शांतपणे म्हणाली, "मग? आजी लहानपणी वडलांबरोबर कॅम्पात दूध घालायला जायची की. पोलंडच्या लोकांच्या कॅम्पात, वळिवड्याला." आईला ठाऊक होतं, मामांना ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

आजीचं माहेर उचगाव. कोल्हापूरहून मिरजेकडं जाणाऱ्या रेल्वेला वळिवडे नावाचं छोटं स्टेशन आहे, तो सगळा शेजार तिचा. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या माळावर बराकींचं एक आख्खं गाव उभं होतं आणि त्यात जवळजवळ पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होत होती. आजी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. पणजोबांच्या डोक्यावर दुधाची घागर, हिच्या हातात माप. आईनं तिच्या तोंडून ऐकलेलं मला सांगितलं: "त्या बायका दारापुढं फुलं लावायच्या म्हणं. भाजी न्हवं, मिरची न्हवं, नुसती फुलं. आजीला त्याचं लई नवल वाटायचं." त्यातल्या एका बाईनं घागरीकडं बोट दाखवून हा शब्द आजीकडून घोटून घेतला होता. नीट म्हणेपर्यंत सोडायची नाही. आणि आजीनं तिला 'अच्छेर', म्हणजे अर्धा शेर, शिकवलं होतं, कारण ती रोज तेवढंच दूध घ्यायची.

ही माणसं करवीरच्या मातीत कशी येऊन पोचली, ते मी त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मिळेल तिथून वाचत गेले. १९३९ च्या सप्टेंबरात पश्चिमेकडून हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये शिरलं आणि १७ तारखेला पूर्वेकडून स्टालिनचं. पूर्वेकडचा मुलूख सोव्हिएत ताब्यात गेला. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत पहाटे दारं वाजली. हाताला लागेल ते उचला आणि चला. शेतकरी, वनरक्षक, त्यांची बायकापोरं, सगळे मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरियात आणि रशियाच्या उत्तरेकडच्या जंगलांत धाडले गेले. पुढची एक लाट कझाकस्तानात गेली. लाकूडतोड, उपासमार, टायफस. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिनला दोस्तांची गरज पडली आणि या लोकांची सुटका झाली. जनरल आंडर्स यांच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहू लागली आणि तिच्या मागोमाग बायका-पोरंही दक्षिणेकडं सरकू लागली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून जास्त माणसं इराणच्या पहलवी बंदरात उतरली. फौज लढाईवर गेली. उरलेल्यांना कुठं ठेवायचं? कुणी पूर्व आफ्रिकेत गेलं, कुणी मेक्सिकोत, कुणी न्यूझीलंडला. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी अनाथ मुलांना जवळ केलं, ती गोष्ट आता बऱ्याच लोकांना ठाऊक आहे. आणि कराचीच्या वाटेनं एवढा मोठा जथा आला तो आमच्या वळिवड्याला. पुढं बालाचडीची छावणी बंद झाली, तेव्हा तिथली बरीच मुलंही इकडंच आली.

मी कोल्हापुरात शाळा शिकले, कॉलेज शिकले. महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे, त्याच्याजवळ बसून मैत्रिणींबरोबर भेळ खाल्ली. त्यावर काय लिहिलंय ते वाचलं नाही. याचं मला आज फार वाईट वाटतं.

२०२४ च्या सप्टेंबरात त्याच लिंडनच्या दुकानाच्या दारावर पोस्टर दिसलं. पुलास्की परेड, फिफ्थ अॅव्हेन्यू, ऑक्टोबरचा पहिला रविवार. पुलास्की हे नाव न्यू जर्सीतल्या प्रत्येक गाडीवाल्याच्या कानावर रोज पडतं. नेवार्कहून जर्सी सिटीला जाणारा काळा लोखंडी पूल, पुलास्की स्कायवे, सकाळच्या रेडिओवर तिथली वाहतूक तुंबलेलीच असते. दुकानातल्या बाईनं मला थांबवून उच्चार सुधारला: "पुवास्की." त्यांच्या लिपीत ल च्या पोटातून एक तिरकी रेघ मारली की त्याचा व होतो.

काझिमिर पुवास्की हा पोलंडमधल्या उमराव घराण्यातला घोडेस्वार. रशियाच्या वर्चस्वाविरुद्ध उठाव केला, हरला, देश सुटला. १७७७ मध्ये अमेरिकेत आला आणि वॉशिंग्टनच्या फौजेचं घोडदळ बांधायला लागला. १७७९ च्या ऑक्टोबरात सव्हानाच्या वेढ्यात जखमी होऊन गेला, तेव्हा त्यानं पस्तिशीही गाठली नव्हती. स्वतःचा देश सोडवता आला नाही म्हणून दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी लढला. त्याच्या नावानं न्यूयॉर्कमधले पोलिश लोक १९३७ पासून ही परेड काढतात.

६ ऑक्टोबरला लेकीला घेऊन निघाले. ती दहा वर्षांची आहे. एडिसनला गाडीत बसलो तेव्हा डबा निम्मा रिकामा होता. मेटचेन, मेट्रोपार्क, रावे. लिंडनला दार उघडलं आणि डबा लाल-पांढरा झाला. बाप्यांच्या खांद्यांवर पट्टे, तरुण पोरांच्या पाठीला बांधलेले झेंडे, आणि आमच्या समोरच्या बाकावर एक बाई आणि तिची सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीच्या अंगात टिकल्या-मण्यांनी भरलेलं काळं मखमली जाकीट, फुलांच्या नक्षीचा घेरदार परकर, डोक्यावर फुलांची माळ, मागं गुडघ्यापर्यंत सोडलेल्या रंगीत रिबिनी. गळ्यात पोवळ्यांच्या तीन माळा, एकेक मणी बोराएवढा. एक माळ केसांत अडकली होती आणि मुलगी रडकुंडीला आली होती. आई दातांत पिन धरून, एका हातानं मान दाबून, दुसऱ्या हातानं एकेक केस सोडवत होती आणि तोंडातल्या तोंडात तिला दटावत होती. एक शब्द कळत नव्हता, पण काय म्हणतेय ते सगळं कळत होतं. गॅदरिंगच्या दिवशी नऊवारी नेसवताना माझी आई मला असंच दटावायची.

फिफ्थ अॅव्हेन्यूवर पोचलो तेव्हा दोन्ही बाजूंना माणसं दाटली होती. मी इथं आले त्याला सोळा वर्षं झाली. मॅडिसन अॅव्हेन्यूवरच्या आपल्या ऑगस्टमधल्या परेडला अनेकदा गेलेय, ढोल-ताशाच्या पथकामागं चाललेय. तरी ही परेड वेगळी वाटली. इथं गावंच्या गावं चालत होती. पुढं फलक, त्यावर गावाचं किंवा चर्चचं नाव: ग्रीनपॉइंट, क्लिफ्टन, पसेइक, वॉलिंग्टन, लिंडन. मग त्या गावाचा मार्शल छातीवर आडवा पट्टा लावून, मग धर्मगुरू, मग म्हातारी मंडळी, मग पोरंटोरं. पंढरीच्या वाटेवर दिंड्या आपापल्या गावाच्या नावानं चालतात, तशीच ही रीत. डोंगराळ भागातले लोक पांढऱ्या लोकरी विजारी घालून आले होते, मांड्यांवर रंगीत भरतकाम, हातात लांब दांड्याची छोटी कुऱ्हाड. क्राकूवच्या पोशाखातली पोरं लाल चौकोनी टोप्यांत मोरपीस खोवून. मधूनच पाठीला पिसांचे उंच पंख लावलेले चिलखतधारी हुजार, जुन्या पोलिश घोडदळातले स्वार. याच हुजारांनी १६८३ साली व्हिएन्नाचा वेढा फोडला होता. माझी लेक त्यांच्याकडं बघतच राहिली.

तिला जास्त कळलं ते शाळांचं. शाळांमागून शाळा येत होत्या. प्रत्येकीच्या पुढं नावाचा फलक, मागं ओळीनं मुलं, कडेनं बाई. "आई, ही पण रविवारची शाळा का?" तिनं विचारलं. ती दर रविवारी मराठी शाळेत जाते, आणि दर शनिवारी रात्री आमच्या घरी त्यावरून कुरबुर होते. म्हटलं, यांची शनिवारची. आठवडाभर इंग्रजी शाळा आणि शनिवारी सकाळी पोलिश व्याकरण, इतिहास, भूगोल. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "केवढी मुलं आहेत."

या लोकांना शाळेची किंमत का कळते, ते त्यांच्या इतिहासात आहे. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं त्यांचा देश गिळला. शेवटच्या वाटणीवर सह्या झाल्या त्या १७९५ च्या ऑक्टोबर अखेरीला. शनिवारवाड्यावरून सवाई माधवराव पडले तेही त्याच दिवसांत. त्यानंतर १२३ वर्षं, थेट १९१८ पर्यंत, पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. त्यांचं आजचं राष्ट्रगीत १७९७ मध्ये लिहिलं गेलं ते इटलीत, परक्या फौजेबरोबर लढायला गेलेल्या पोलिश सैनिकांसाठी. जवळजवळ पाच पिढ्या तो देश फक्त तोंडात होता. बायकांच्या, मास्तरांच्या, धर्मगुरूंच्या तोंडात. आमच्या वळिवड्यातही, भुकेनं अर्धमेल्या झालेल्या या माणसांनी शाळा उघडल्या होत्या आणि पोरं अभ्यासाला बसवली होती. ते आता मला नवल वाटत नाही.

सेंट पॅट्रिक कॅथेड्रलपाशी, रस्त्याच्या कडेला, घडीच्या खुर्चीत एक वृद्ध बाई बसल्या होत्या. मांडीवर चौकड्यांची शाल, कोटाला लाल-पांढऱ्या रिबिनीचं फूल. लेक पुढं पुढं करताना त्यांच्या समोर आली, मी तिला मागं ओढलं आणि माफी मागितली. "उभी राहू दे, मला दिसतंय," त्या इंग्रजीत म्हणाल्या. मग विचारलं, कुठल्या तुम्ही? इंडिया. इंडियात कुठं? हा प्रश्न इथं सहसा कुणी विचारत नाही. मुंबईच्या खाली एक गाव आहे, कोल्हापूर, असं मी म्हणाले.

त्या माझ्याकडं वळल्या. "वालिवादे," त्या म्हणाल्या.

मला काही सुचेना. मी विचारलं, तुम्ही तिथं होता? त्यांनी मान हलवली. नाही. त्या टेंगेरूला होत्या, आजच्या टांझानियात, किलिमांजारोच्या बाजूला. तिथंही अशीच पाच हजारांची छावणी होती. पण सगळ्या छावण्यांना एकमेकींची नावं पाठ होती, कारण जहाजं वेगवेगळ्या वाटांनी गेली तशी घरंही फुटली होती: बहीण आफ्रिकेत, आत्या इंडियात, बाप इटलीत लढाईवर. त्यांच्या आईची चुलतबहीण वालिवाद्यात होती. पत्रं यायची. चार वर्षांच्या असताना त्यांना घरातून उचललं होतं. युद्ध संपल्यावर इंग्लंड, तिथून लग्न होऊन इथं. घरी का नाही गेल्या, असं मी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं. याल्टाच्या बैठकीत त्यांचा मुलूख सोव्हिएत रशियाकडं गेला. आज तो युक्रेनमध्ये आहे. "पोलंड परत मिळालं," त्या म्हणाल्या, "पण आमचं गाव त्यात नव्हतं."

बोलता बोलता त्यांनी पुवास्कीचं नाव घेतलं आणि माझे कान टवकारले. त्यांच्या तोंडी तो व नव्हता. सरळ ल ही नव्हता. जीभ दातांमागं जाडसर टेकून येणारा तो आवाज मला आपल्या ळ सारखा ऐकू आला. मी म्हटलं, दुकानातल्या बाई वेगळं म्हणतात. त्या म्हणाल्या, आम्ही पूर्वेकडचे. आमची बोली तशी. आता तशी बोलणारी माणसं फार उरली नाहीत.

मग मी त्यांना आजीचं सांगितलं. उचगाव, घागर, माप, दारापुढची फुलं. आणि तो शब्द म्हणून दाखवला, आजी म्हणायची तसाच.

त्यांनी तो पुन्हा म्हणायला लावला. मी म्हटला. म्ल्येको. त्यांनी माझ्या लेकीला म्हणायला लावला. तिलाही तो येतो, कारण दुकानातल्या त्या पाकिटानंतर तो आमच्या घरात पुन्हा सुरू झालाय. त्यांनी दोन्ही हात शालीखालून बाहेर काढले आणि लेकीचा हात धरला. "वॉर्सात असं म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. "तो ल इतका मऊ नसतो. असं माझी आई म्हणायची."

समोरून बँड चालला होता. ढोलामुळं काही ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही तिघी तशाच बसून राहिलो, मी पदपथावर, त्या खुर्चीत. उचगावच्या, कधी शाळेत न गेलेल्या माझ्या आजीच्या जिभेवर एका गेलेल्या मुलखाची बोली साठाहून जास्त वर्षं राहिली होती. तिला पोलंड कुठं आहे ते माहीत नव्हतं. एका बाईनं घोटून घेतला तसा शब्द तिनं जपला, आणि आम्हाला दूध पाजताना तो आमच्या तोंडी उतरवला.

बँड पुढं गेल्यावर त्यांनी विचारलं, आता तिथं काय आहे? मी सांगितलं, गांधीनगर. फाळणीत सिंधमधून निघालेली माणसं १९४८ च्या सुमारास तिथं आणून वसवली, पोलिश लोक निघून गेले त्याच बराकींमध्ये. तेही कराचीकडूनच आले होते, घरदार सोडून. आज तिथं कापडाची मोठी बाजारपेठ आहे, आमच्याकडं लग्नाचा बस्ता बांधायला लोक तिथंच जातात. हे त्यांना माहीत नव्हतं. "म्हणजे घरं रिकामी राहिली नाहीत," त्या म्हणाल्या. त्यांना ते ऐकून बरं वाटलं, हे चेहऱ्यावर दिसलं.

मग म्हणाल्या, "आणि थडगी?"

मला माहीत होतं की कोल्हापुरात त्यांच्या लोकांची थडगी आहेत आणि पोलिश सरकारनं ती दुरुस्त करून घेतली आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपले पंतप्रधान वॉर्सात कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकापुढं नतमस्तक झाले, तेही मी बातम्यांत पाहिलं होतं. पण त्या दफनभूमीत मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, १ नोव्हेंबरला आमच्यात प्रत्येक थडग्यावर दिवा लावतात. आपल्या माणसांच्या, आणि ज्यांचं कुणी नाही त्यांच्याही. आईची ती चुलतबहीण तिथून परतली, पण तिचं धाकटं पोर तिथंच राहिलं. नाव सांगितलं. मी ते फोनमध्ये त्यांच्याकडूनच लिहून घेतलं, अक्षराच्या रेघांसकट.

रात्री घरी आले. नवरात्र चालू होतं, देव्हाऱ्यातल्या अखंड दिव्यात तेल घातलं आणि मामेभावाला फोन लावला. कोल्हापुरात सोमवारची सकाळ. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आक्का, एक नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आलंय गं औंदा. दुकानाची पूजा असती संध्याकाळी." मी म्हटलं, मग ऱ्हाऊ दे. "ऱ्हाऊ दे कशाला? सकाळी जातो की."

१ तारखेला त्याचा फोन आला तेव्हा माझ्याकडं अजून रात्रच होती. मुलीला घेऊन तो गेला होता, पिशवीत पणत्या, तेलाची बाटली आणि झेंडूची फुलं.

"घावलं का नाव?"

"न्हाई गं. लई बघितलं. त्यांची अक्षरं मला लागत न्हाईत, आणि काही दगडांवरचं पुसलंय पण. मग काय केलं, ओळीनं सगळ्यांपुढंच लावल्या. पणत्या कमी पडल्या, ही पळत जाऊन कोपऱ्यावरनं अजून दोन डझन घेऊन आली. वारा सुटला हुता. इकडची लावंपर्यंत तिकडची इझत हुती. तासभर तेच चाललं हुतं आमचं."